झुरळ कोणाचे?

(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या कार्यक्रमात दिलेले भाषण)



वर्धापनदिनाला झुरळावर बोलावयाचे म्हणजे मंगल कार्यात भलताच विषय काढल्यासारखे तुम्हांला वाटेल. चिटणीसबाईंनी विषय फळ्यावर लिहिला तेव्हा दोघीतिघी तोंडाला पदर लावून हसल्याही. हसू द्या. पण ज्यांच्या घरी झुरळ कधी निघालेच नाही अशा भगिनींनी हात वर करावा, असे मी म्हटले, तर या सभागृहात एकही हात वर होणार नाही. जो विषय सर्वांच्या घरचा, तो मंडळात बोलायला संकोच कसला?

संकोच आहे, हे मात्र खरे. आणि प्रथम त्या संकोचाबद्दलच दोन शब्द सांगते.

आपल्या वस्तीतील एका घरी चैत्रातले हळदीकुंकू होते. गौर मांडलेली, कैरीची डाळ वाटलेली, पन्ह्याचे पेले भरलेले. इतक्यात मोरीच्या बाजूने अंगठ्याएवढे तांबूस झुरळ निघाले आणि थेट बायकांच्या घोळक्यात शिरले. एकच पळापळ झाली, मग हसणे झाले. पण हसे ओसरल्यावर सासूबाईंनी सुनेकडे एकदा पाहिले, आणि ते पाहणे चौघींनी पाहिले. मुलगी लाजेने अर्धी झाली. तिचा ओटा मी पाहिलेला आहे. रात्री खरकटे भांडे ठेवून ती कधी निजत नाही. त्या झुरळाचा तिच्या ओट्याशी काडीइतकाही संबंध नव्हता. घरामागच्या गटाराच्या चेंबरचे झाकण दोन महिने फुटलेले होते, आणि ते झुरळ तिथले होते. फुटक्या झाकणाचा दोष मात्र सुनेच्या पदरी पडला.

म्हणून आज मला एवढेच पटवून द्यावयाचे आहे, की घरात निघालेले प्रत्येक झुरळ घरातले नसते. काही झुरळे घरकरी असतात आणि काही आगंतुक. दोघांची जात वेगळी, येण्याची वाट वेगळी आणि उपायही वेगळा. हा भेद न कळल्यामुळे आपण निरपराध बाईला दोष देतो, नको तिथे विष मारतो आणि जिथे काम करावयाचे तिथे मात्र करीत नाही.

जगात झुरळांच्या साडेचार हजारांहून अधिक जाती शास्त्रज्ञांनी नोंदविल्या आहेत. त्यांपैकी माणसाच्या आसपास वावरणाऱ्या जेमतेम तीसएक, आणि खऱ्या उपद्रवी म्हणाव्यात अशा हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या. बाकी सर्व रानात, पाचोळ्यात, लाकडांच्या सालीखाली आपापला संसार करतात. पडलेला पालापाचोळा खाऊन त्याची माती करण्याचे कामही त्यांच्याकडे आहे. त्यांना आपल्या स्वयंपाकघराशी काही कर्तव्य नाही.

आता आधी घरकरी झुरळ ओळखू या. हे लहान असते. सव्वा ते दीड सेंटिमीटर लांब, रंगाने फिकट तपकिरी. डोक्यामागे जी ढालीसारखी पाठ असते, तिच्यावर दोन काळसर उभ्या रेघा दिसतात. पंख असून ते उडत नाही. फ्रीजच्या मागे, मिक्सरच्या खाली, फडताळाच्या बिजागरीत, ओट्याच्या सांध्यात त्याचे बिऱ्हाड. मादी तीस-चाळीस अंड्यांची डबी पोटाशी धरून हिंडते आणि पिले बाहेर पडण्याच्या वेळेपर्यंत ती खाली ठेवीत नाही. ऊब मिळाली की दोन-तीन महिन्यांत पिलांची मोठी झुरळे होतात. म्हणजे वर्षभरात किती पिढ्या, याचा हिशेब तुम्हीच करा. याला ‘जर्मन झुरळ’ म्हणतात. स्वीडनच्या लिनीयस या शास्त्रज्ञाने १७६७ साली ते नाव दिले. पण बिचाऱ्या जर्मनीवर तो उगाच आळ आला. २०२४ साली एक संशोधन प्रसिद्ध झाले. त्यात १७ देशांतील २८१ झुरळांची आनुवंशिक तपासणी केली होती. त्यावरून असे दिसून आले, की हे झुरळ सुमारे दोन हजार एकशे वर्षांपूर्वी आशियाई झुरळापासून वेगळे झाले, आणि तेही आपल्या बंगालच्या उपसागराच्या काठी, भारत किंवा म्यानमारच्या बाजूला. पुढे व्यापाराबरोबर ते जगभर गेले. म्हणजे ज्याला आपण परदेशी समजत होतो, ते आपल्याच भागातले निघाले!

गंमत अशी, की त्याचा मूळ भाऊबंद, ते आशियाई झुरळ, अजून बाहेरच राहते. पाचोळ्यात, गवतात त्याचा मुक्काम. दिसायला हुबेहूब घरातल्यासारखे. पण ते चांगले उडते आणि संध्याकाळी दिव्याकडे झेपावते. घरातले झुरळ उजेड दिसताच पळते, हे उजेडाकडे येते. एवढ्या एका खुणेवरून दोघांतला फरक कळतो. माणसाच्या चुलीशी सलगी केलेला भाऊ घरचा होऊन बसला आणि दुसरा बाहेरच सुखी राहिला.

आता आपला मुख्य आगंतुक, म्हणजे मोठे झुरळ. साडेतीन ते चार सेंटिमीटर लांब, तांबूस तपकिरी, पाठीवरच्या ढालीला पिवळसर कड, मिशा अंगापेक्षाही लांब. महाविद्यालयात प्राणिशास्त्र घेतलेल्या भगिनींनी मेणाच्या ताटलीत टाचण्यांनी टोचून ज्याचे विच्छेदन केले असेल, ते हेच. याचे नाव ‘अमेरिकन झुरळ’, पण तेही नाव फसवे. त्याचे माहेर बहुधा आफ्रिका. जहाजांतून ते सगळीकडे पसरले. उकाड्याच्या संध्याकाळी हे महाराज उडतातही, आणि नेमके अंगावर येतात असा आपला अनुभव. त्याचे खरे घर म्हणजे गटार, चेंबर, शोषखड्डा आणि जुन्या झाडाची पोकळ ढोली. ऊब, ओल आणि अंधार ही तीन सुखे त्याला हवीत. त्याच्या अंड्यांच्या डबीत चौदा ते सोळा अंडी असतात. मादी ती डबी एखाद्या फटीत चिकटवून निघून जाते. पिलू मोठे व्हायला सहा महिने ते वर्ष, कधी त्याहूनही अधिक काळ लागतो. सावकाशीचा संसार आहे त्याचा.

तिसरे एक झुरळ आपल्या कुंड्यांत सापडते. काळसर अंगाचे, तपकिरी पंखांचे, दोन-अडीच सेंटिमीटरचे. माती उकरून आत राहते आणि कुंडी हलविली की खालून पळते. जगात बहुतेक ठिकाणी या जातीत नर नसतातच. माद्याच माद्यांना जन्म देतात. महिला मंडळच म्हणा ना! ओल्या कचऱ्याचे खत घरी करणाऱ्या भगिनींना ते हमखास भेटते. सडका पाला हे त्याचे अन्न. क्वचित कोवळी मुळे कुरतडते, पण स्वयंपाकघरात शिरून बिऱ्हाड करणे त्याच्या स्वभावात नाही. कुंडी विटेवर किंवा तिपाईवर उचलून ठेवावी, तळाशी साचलेले पाणी काढावे, खताच्या डब्याला घट्ट झाकण असावे. एवढे पुरे. त्यासाठी तुळशीच्या मुळाशी विष ओतू नये. त्याच तुळशीचे पान आपण चहात टाकतो.

मग हा आगंतुक येतो कसा? त्याच्या वाटा ठरलेल्या आहेत.

पहिली आणि सर्वांत मोठी वाट मोरीची. न्हाणीच्या जाळीखाली एक वाकडे भांडे बसविलेले असते. प्लंबर त्याला ‘नहाणी ट्रॅप’ म्हणतात. त्या वाकणात नेहमी पाणी साचून राहते, आणि ते पाणीच गटाराचा दरवाजा असतो. दुर्गंधी आणि झुरळ दोघांनाही ते अडवते. आता असे पाहा, मे महिन्यात आपण घर बंद करून गावी जातो. तीन-चार आठवडे न्हाणीत पाण्याचा थेंब पडत नाही. उन्हाळ्याने ते पाणी आटते, आणि दरवाजा सताड उघडतो. परत येऊन कुलूप काढावे, तर न्हाणीघरात दोन-तीन मोठी झुरळे स्वागताला हजर! मग आपण म्हणतो, “घर इतके स्वच्छ करून गेले होते, कुठून आली ही?” घर स्वच्छच होते. पाणी आटले होते. ज्या घरी पाहुण्यांची न्हाणी वेगळी आहे आणि क्वचितच वापरली जाते, तिथेही हेच घडते.

उपाय अगदी सोपा. जाताना प्रत्येक जाळीत तांब्या-दोन तांबे पाणी ओतावे आणि वर चमचाभर गोडेतेल सोडावे, म्हणजे पाणी लवकर आटत नाही. जाळीवर एखादी जड थाळी पालथी घालावी. न वापरल्या जाणाऱ्या न्हाणीत आठवड्यातून एकदा तांब्याभर पाणी ओतण्याचा नेम ठेवावा.

दुसरी वाट ओट्याखालची. भांडी घासण्याच्या सिंकची नळी जिथे भिंतीतल्या किंवा जमिनीतल्या पाइपात शिरते, तिथे बहुतेक घरांत बोटभर फट असते. आज घरी गेल्यावर खाली वाकून पाहा. तिथे चिंधी कोंबलेली असेल तर ती काढा. ती भिजते, कुजते आणि झुरळाला आयती गादी होते. नळीच्या मापाचे रबरी वाशर हार्डवेअरच्या दुकानात थोड्या पैशांत मिळते.

तिसरी वाट पावसाची. पहिला जोराचा पाऊस झाला, की गटारे तुंबतात, आणि आतली झुरळे जीव वाचवायला वर चढतात. त्या दोन-चार रात्री तळमजल्याच्या घरांत ती अधिक निघतात. वरच्या मजल्यांवर ती पाइपांच्या आधाराने येतात. यात घरातल्या बाईचा दोष कुठे आला? पावसाआधी, मृगाच्या तयारीला लागतो तेव्हाच, छत्र्या आणि वाळवणाबरोबर ही जाळ्यांची व फटींची पाहणी उरकून घ्यावी.

चौथी वाट दाराची. संध्याकाळी दार उघडे, वर दिवा लागलेला, दाराजवळ चपलांचे कपाट, जुन्या रद्दीचा गठ्ठा आणि पुठ्ठ्याची खोकी. पुठ्ठा झुरळांना फार प्रिय. आलेले खोके त्याच दिवशी रिकामे करून घराबाहेर काढावे. दाराखालची फट ब्रशाच्या किंवा रबराच्या पट्टीने बंद करावी.

आता तुम्ही विचाराल, आमच्या घरातले झुरळ घरकरी की आगंतुक, हे ठरवायचे कसे? रात्री निजानीज झाल्यावर तास-दोन तासांनी उठावे आणि स्वयंपाकघराचा दिवा एकदम लावावा. लहान लहान झुरळे आणि तिळाएवढी पिले इकडेतिकडे पळाली, तर ती घरची. काळ्या मिरपुडीसारखी त्यांची घाण कपाटाच्या कोपऱ्यांत दिसेल. पिले कुठेच नाहीत, आणि महिना-पंधरा दिवसांतून एखादे मोठे झुरळ मोरीत किंवा न्हाणीत निघते, तर ते बाहेरचे. इतकी ही साधी परीक्षा आहे. मात्र मोठ्या झुरळांची पिलेही घरात दिसू लागली, तर आगंतुकाने मुक्काम ठोकला असे समजावे. माळ्यावर गळती असेल, पाइप झिरपत असेल, तिथे त्याला राहावेसे वाटतेच.

आगंतुक म्हणून त्याला पायघड्या घालाव्यात असे मात्र मी मुळीच म्हणत नाही. ते गटारातून येते आणि त्याच पायांनी भाकरीच्या टोपल्यावरून चालते. हगवणीसारख्या रोगांचे जंतू त्याच्या अंगावर व पोटात सापडतात. झुरळांची विष्ठा व सुकलेली कातडी यांची धूळ नाकात जाऊन मुलांना दमा उसळतो. हा धोका घरकऱ्यांची संख्या वाढलेल्या घरात अधिक. म्हणून अन्न झाकावे, रात्री ओटा पुसावा, बाळाची बाटली व चमचे उघडे ठेवू नयेत. आगंतुक निघालेच तर केरसुणीने मारावे, कागदाने उचलावे, फरशी साबणाच्या पाण्याने पुसावी आणि हात धुवावेत. घाबरून जाण्याचे कारण नाही.

घाबरून आपण जे करतो, त्याची मात्र मला भीती वाटते. एक झुरळ दिसले की फवाऱ्याचा डबा घेऊन सारे स्वयंपाकघर भिजवायचे. पण त्या फवाऱ्याने मरणार एकच, आणि गटारातले शंभर तसेच राहणार. मोरीचे दार उघडे असताना ओट्यावर विष मारणे म्हणजे आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी! शिवाय फवारा ज्वालाग्राही असतो. शेगडी पेटलेली असताना तो मारला तर भडका उडेल. ओट्यावर मारला तर ते विष पोळीबरोबर पोटात जाईल. जमिनीवर ओढलेल्या विषारी खडूची रेघ रांगते मूल हाताने पुसते आणि तो हात तोंडात घालते.

आणखी एक गोष्ट फार कळकळीने सांगते. मोरीतून झुरळे येतात म्हणून काही जणी जाळीत ब्लीचिंग पावडर टाकतात, आणि पाठोपाठ संडास धुण्याचे अ‍ॅसिडही ओततात. असे कधीही करू नका. या दोन वस्तू एकत्र आल्या की क्लोरीनचा विषारी वायू निघतो, आणि बंद न्हाणीघरात तो प्राणावर बेतू शकतो. झुरळ राहील बाजूला, आणि दवाखाना गाठावा लागेल.

विष वापरायचेच, तर ते घरकऱ्यांसाठी, बेताने आणि जागा पाहून. डबा विकत घेताना त्यावरची खूण पाहावी. टोकावर उभ्या केलेल्या चौकोनाचे दोन त्रिकोण असतात. खालच्या त्रिकोणाचा रंग तांबडा असेल तर विष अतिशय जहाल, पिवळा त्याखालोखाल, मग निळा, आणि हिरवा सर्वांत सौम्य. अक्षर न येणाऱ्या बाईलाही कळावे अशी ही सोय आहे. बोरिक पावडर, कणीक आणि साखर यांच्या गोळ्या हा जुना उपाय आजही चालतो. झुरळ ती खाऊन सावकाश मरते. पण गोळ्या फ्रीजच्या मागे, कपाटाच्या खाली, मुलाचा किंवा मांजराचा हात पोहोचणार नाही अशाच जागी ठेवाव्यात. बोरिक पावडर हीसुद्धा पोटात गेली तर विषच आहे, आणि ती पिठीसाखरेसारखी दिसते. तिचा डबा साखरेच्या फळीवर कधीही ठेवू नये.

निसर्गानेही या कामी आपल्याला मदतनीस दिले आहेत. पाल आपल्याला आवडत नाही, पण झुरळ तिला आवडते. भिंतीवरचा मोठा चपटा कोळी रात्री झुरळेच धरतो. कधी खिडकीच्या काचेवर एक काळी, बारीक कमरेची माशी दिसते. पोट सारखे निशाणासारखे वरखाली हलविते. ती चावत नाही. ती झुरळाच्या अंड्यांच्या डबीत आपले अंडे घालते, आणि तिची अळी आतली सगळी अंडी फस्त करते. आणखी एक हिरवी-निळी चकाकणारी गांधीलमाशीच्या कुळातली माशी आहे. ती मोठ्या झुरळाच्या मेंदूत नेमका डंख मारते. त्याची पळण्याची इच्छाच नाहीशी होते. मग दाव्याला धरून गाय न्यावी तशी ती त्याला मिशीला धरून आपल्या बिळात नेते आणि त्याच्यावर अंडे घालते. एवढ्याशा माशीने एवढ्या मोठ्याला वठणीवर आणावे, हे पाहून आपल्याला कौतुक वाटल्यावाचून राहत नाही! घरभर फवारा मारला की झुरळाआधी हे आपले मदतनीस मरतात.

आता शेवटचा मुद्दा, आणि माझ्या मते सर्वांत महत्त्वाचा. आगंतुक झुरळाचे घर आपल्या घरात नाही, ते सामाईक गटारात आहे. म्हणून त्याचा बंदोबस्त एकटीने होणार नाही. एका घरात औषध मारले तर ते शेजारच्या घरात जाईल, आणि दोघी शेजारणी एकमेकींकडे बोट दाखवतील. त्यापेक्षा दोघींनी मिळून चेंबरकडे बोट दाखवावे. झाकण फुटले आहे का? कडेला भेग आहे का? पाइपावरची जाळी गेली आहे का? हे प्रश्न सोसायटीच्या सभेत कोणी विचारायचे? बहुतेक सभांत गाड्या लावण्याच्या जागेवर तासभर चर्चा होते आणि गटाराचा विषय निघाला की घड्याळाकडे पाहिले जाते. मोरीशी रोजचा संबंध आपला. म्हणून तो विषय आपणच मांडला पाहिजे, लेखी मांडला पाहिजे, आणि पावसाळ्याआधी मांडला पाहिजे.

आणि भगिनींनो, चेंबर साफ करवून घेताना एक पथ्य पाळा. आत माणूस उतरवू देऊ नका. गटारात साठलेल्या वायूने माणसे क्षणात गुदमरून मरतात. २०१३ च्या कायद्याने माणसाला अशा धोकादायक रीतीने गटार व मलटाकी साफ करायला लावणे हा गुन्हा ठरविला आहे. यंत्राची गाडी मागवावी, वेळ लागला तर लागू द्यावा. आपल्या घरी झुरळ येऊ नये म्हणून कोणाच्या घरचा कर्ता माणूस जाता कामा नये.

तेव्हा घरी गेल्यावर तीन कामे करा. न्हाणीच्या जाळीत पाणी आहे का ते पाहा, ओट्याखालची फट बुजवा, आणि इमारतीच्या चेंबरची झाकणे एकदा पायाखालून घाला. मंडळाने ज्येष्ठात एक दिवस ठरवून वस्तीतल्या सर्व चेंबरांची अशी पाहणी केली, तर वर्धापनदिनाचा याहून चांगला उपक्रम मला सुचत नाही.

आणि पुढे कधी कोणाच्या घरी हळदीकुंकवाला जाल, तेव्हा झुरळ निघालेच तर घरच्या बाईच्या तोंडाकडे पाहू नका. ते कोणत्या वाटेने आले, ती वाट तिच्याबरोबर शोधा.